बदामाचा बहर व त्याचा वारसा

बदामाचें झाड थंडी सरतां सरतां, पालवी फुटण्याच्या आधींच फुलतें. डोळ्यांस हें सुखद. परंतु बागायतदारास तोच घोर. उमललेलें फूल उणे २ ते ३ अंश सेंटिग्रेडच्या थंडीनें मरतें, आणि नुकतें धरलेलें फळ त्याहूनही नाजूक. ऐन बहरांत एक रात्र गोठविणारें दहिवर पडलें कीं वर्षाचें पीक गेलें. म्हणून उशिरां फुलणारी जात काढणें हें बदामाच्या पैदाशींतील मोठें कार्य होय.

आतां बहराची वेळ कशी ठरते, तें पाहूं. हिंवाळ्यांत कळ्या निद्रिस्त असतात. पुरेशी थंडी मिळाल्यावांचून त्यांची निद्रा मोडत नाहीं. मोडल्यावर कांहीं दिवस ऊब मिळाली कीं त्या उमलतात. ज्या जातीची थंडीची गरज मोठी, ती बहुधा उशिरां फुलते. ही गरज वंशपरंपरेनें उतरते.

कॅलिफोर्नियांतील प्रसिद्ध नॉनपॅरेल जातींत आपोआप पालट होऊन टार्डी नॉनपॅरेल ही सुमारें दोन आठवडे उशिरां फुलणारी जात निघाली. तिच्या संकरांची रोपें वाढविलीं, तेव्हां त्यांत लवकर फुलणारीं व उशिरां फुलणारीं असे दोन गट पडले. केस्टर यांनीं १९६५ सालीं हा वारसा प्रसिद्ध केला. उशिराचा गुण एका प्रबळ जनुकाचा असून तो आईबापांपैकीं एकाकडून आला तरी पुरतो. पुढें त्याची जागा चौथ्या गुणसूत्रावर निश्चित झाली. याशिवाय लहान प्रभावाचीं जनुकें अनेक आहेत. म्हणून एकाच गटांतील झाडेंही एका दिवशीं फुलत नाहींत.

रोप फुलावयास तीनचार वर्षें लागतात. परंतु उशिरां पालवणारें रोप बहुधा उशिरां फुलतें. त्यामुळें निवड आधींच सुरू करितां येते.

दोन गोष्टी मात्र ध्यानांत ठेवाव्या. बहुतेक बदामांस स्वतःच्या परागानें फळ धरत नाहीं. जोडीची जात त्याच वेळीं फुलली नाहीं, तर उशिराचा बहर फुकट जातो. ह्यास्तव स्पेनमध्यें मुर्सिया येथील संशोधकांनीं पेंटा व टार्डोना ह्या जातींत फार उशिराचा बहर आणि स्वपरागानें फळ धरण्याचा गुण एकत्र आणिले. दुसरें, हिंवाळा सौम्य असेल तेथें अशा जातीची थंडीची गरज भागत नाहीं व बहर बिघडतो.

आपल्या कोंकणांत बदाम नाहीं, काजू आहे. त्याचीं जनुकें निराळीं, पण धडा तोच. जमिनीचा वारसा फेरफारावरून कळतो, झाडाचा संततीवरून. कलमासाठीं काडी घेण्यापूर्वीं त्या झाडास मोहोर कधीं आला, तो किती दिवस टिकला व फळ किती धरलें, ह्याची निदान तीन वर्षांची नोंद बागायतदारानें ठेवावी. एका सालच्या डौलावर भुलून घेतलेली काडी पुढें पुष्कळ वर्षें पश्चात्ताप करावयास लावते.