भूकंप : धोका किती, जोखीम किती?

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरचा परिसर भूकंपाने हादरला. त्यात सुमारे १८० माणसे दगावली. पुढे ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. हा भूकंप कोयनेच्या भूकंपाहून मोठा नव्हता. तरीही त्यात हजारो माणसे प्राणांस मुकली. असे का व्हावे?

त्यासाठी दोन शब्दांतील फरक समजून घेऊ. एखाद्या ठिकाणची जमीन किती जोराने हादरण्याचा संभव आहे, हा झाला भूकंपाचा 'धोका'. त्या हादऱ्याने तेथील माणसांची व घरांची किती हानी होऊ शकेल, ही झाली 'जोखीम'. निर्मनुष्य वाळवंटात धोका मोठा असला, तरी जोखीम जवळजवळ शून्य!

शास्त्रज्ञ जोखीम कशी काढतात, ते तुम्हीही करून पाहा. आपल्या तालुक्याच्या नकाशावर सारख्या मापाच्या चौकटी आखा. त्याच चौकटी तीन ट्रेसिंग कागदांवर उतरवून घ्या. पहिला कागद धोक्याचा. पूर्वी भूकंप कोठे झाले, खडकांत भेगा कोठे आहेत आणि जमीन कशी आहे, हे त्यावर येते. मऊ गाळाची जाड जमीन हादरे वाढवते. १९८५ साली ३५० किलोमीटरहून दूर झालेल्या भूकंपाने मेक्सिको शहराची दैना केली, कारण त्याचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेला आहे. दुसरा कागद घरांच्या कच्चेपणाचा आणि तिसरा लोकवस्तीचा. प्रत्येक चौकटीला १ ते ३ गुण द्या. मग कागद एकावर एक ठेवून गुणाकार करा.

समजा, 'अ' चौकटीत धोका ३, घरांचा कच्चेपणा १ आणि वस्ती १ आहे. जोखीम = ३ × १ × १ = ३.
'आ' चौकटीत धोका १, कच्चेपणा ३ आणि वस्ती ३ आहे. जोखीम = १ × ३ × ३ = ९.

पाहिलेत? धोका कमी, पण जोखीम तिप्पट! हेच काम संगणकावरील 'भौगोलिक माहिती प्रणाली' हजारो चौकटींसाठी करते. उपग्रहांची छायाचित्रे आणि जनगणनेचे आकडे तिच्या उपयोगी पडतात.

किल्लारी ही अशीच 'आ' चौकट होती. त्या वेळच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. २००२ साली नकाशा सुधारला, पहिले क्षेत्र रद्द झाले आणि हा भाग तिसऱ्या क्षेत्रात आला. म्हणजे धोक्याचा कागद चुकू शकतो. पण दुसरा कागद डोळ्यांना दिसत होता : मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि छतावर मातीचा जड थर. झोपेतील माणसे त्याखाली गाडली गेली.

भूकंप थांबवणे आपल्या हाती नाही. घरांचे गुण कमी करणे मात्र आहे. भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या बाजू जोडणारे लांब दगड, घराभोवती सलग काँक्रीटचा पट्टा आणि हलके छप्पर यांमुळे ३ चा १ होऊ शकतो.

करून पाहा : आपल्या गल्लीतील दहा घरांच्या भिंती व छपरे पाहून त्यांना गुण द्या. सर्वांत जास्त गुण कोणत्या घराला मिळाले? ते कमी कसे करता येतील?