‘गावगाडा’ आणि नोंद घेणाऱ्याची जागा

मराठीतील लोकजीवनाच्या अभ्यासाचा विचार करताना त्रिंबक नारायण आत्रे (१८७२–१९३३) यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथापासून आरंभ करणे क्रमप्राप्त ठरते. आत्रे विद्यापीठीय मानववंशशास्त्रज्ञ नव्हते. सरकारी नोकरीच्या निमित्ताने खेडी पाहिलेले ते गृहस्थ होते. इंग्रज अधिकाऱ्यांच्या जातिवर्णनांची दिशा राज्यकारभाराच्या सोयीने ठरे. आत्रे यांनी मात्र गाव हाच अभ्यासाचा घटक मानला आणि तो मराठीत, गावाच्याच शब्दांत मांडला.

पांढरी आणि काळी, वतन आणि वृत्ती, बलुते आणि अलुते हे शब्द त्यांच्या लेखनात केवळ संज्ञा म्हणून येत नाहीत. कोणाचे कोणाकडे काय देणे लागते, याचा हिशेब त्या शब्दांतून उलगडतो. या हिशेबाच्या केंद्रस्थानी कुणबी आहे. गावगाडा त्याच्या श्रमावर चालतो आणि त्याचा भारही त्याच्याच मानेवर पडतो, हे आत्रे यांचे मुख्य प्रतिपादन होय. स्वयंपूर्ण, सुखी खेड्याची कल्पना त्यामुळे टिकत नाही.

परंतु येथेच ग्रंथाची मर्यादाही दिसते. कुणब्याच्या बांधावरून पाहणाऱ्याला फिरस्ता हा प्रामुख्याने उपद्रवी वाटतो. आत्रे यांच्या दुसऱ्या ग्रंथाचे नावच ‘गुन्हेगार जाती’ असे आहे. १८७१ च्या कायद्याने रूढ केलेली ही वर्गवारी १९५२ मध्ये कायद्यातून गेली. भाषेतून मात्र ती सहजी गेली नाही. बारकाईने केलेली नोंद तटस्थ असतेच असे नाही, हा धडा येथून घ्यावयाचा.

आत्रे यांचे समकालीन सर्बियन अभ्यासक योवान त्स्वियिच (१८६५–१९२७) यांनी स्थानिक शिक्षकांना प्रश्नावल्या देऊन वस्त्यांची माहिती जमविली. पाचोऱ्यासारख्या ठिकाणी हा मार्ग आजही उपयुक्त आहे. आपल्या वर्गात शेतकऱ्यांची, सालदारांची आणि भटक्या कुटुंबांची मुले एकाच बाकावर बसतात. एकाच गावाची, एकाच पोळ्याची नोंद या तिघांनी अहिराणीत वा मराठीत स्वतंत्रपणे केली, तर ‘गावगाड्या’ला पूरक ठरेल अशी सामग्री हाती येईल. आत्रे यांनी गाव लिहिण्याजोगे ठरविले. कोणी लिहावे, हा प्रश्न त्यांनी आपल्यासाठी शिल्लक ठेवला आहे.