मुलगा वेल्डिंग शिकतो म्हणाला, तर

“वेल्डरच व्हायचं होतं तर एवढ्या लांब कशाला आलो आपण?” ह्यूस्टनमधल्या आपल्याच मंडळातल्या एका बाबांनी मला हे विचारलं, तेव्हा त्यांच्या आवाजात राग कमी आणि धसका जास्त होता. मुलानं युनिव्हर्सिटीतलं कॉम्प्युटर सायन्स मध्येच सोडून कम्युनिटी कॉलेजात वेल्डिंगच्या सर्टिफिकेटला नाव घातलं होतं. मी पाइपिंग आणि प्रेशर व्हेसलच्या तपासणीत आहे. वेल्डरांच्या हातून उतरलेलं काम पारखणं हा माझा रोजचा उद्योग, म्हणून असे आई-बाबा माझ्याकडे येतात. ‘त्याला जरा समजवा’ एवढंच त्यांचं म्हणणं असतं. मी समजावते, पण बहुतेक वेळा आई-बाबांनाच.

पोटातलं आधी ओठांवर आणू या. वेल्डिंग म्हटलं की आपल्याला काय आठवतं? एसटी स्टँडमागचं गेट-ग्रिलचं दुकान, रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून रॉड मारणारा एक पोरगा, आणि ‘तिकडे बघू नकोस, डोळे जातील’ म्हणत आपलं तोंड फिरवणारी आई. तो पोरगा शिकला नाही म्हणून तिथे बसला, असं आपल्याला सांगितलं गेलं. आपण शिकलो आणि इथवर आलो. आता घरातलंच पोर त्या दिशेला वळलं की आपली सगळी पायपीट उलटी फिरल्यासारखी वाटते. वाटू दे. फक्त तो हिशेब पोराच्या नावावर मांडू नका.

आणि आपण इंजिनिअर मंडळी हाताच्या कामाबद्दल बोलायला तशी फारशी लायक नाही. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये बट जॉइंटचा जॉब असायचा, आठवतो? दोन पट्ट्या कापायच्या, कानशीनं घासायच्या, जोडायच्या. निम्म्या वर्गाचे जॉब वर्कशॉपच्या मामांनी चहापाण्यावर करून दिले, आणि व्हायवात आपण ‘करंट वाढवला की पेनिट्रेशन वाढतं’ हे घोकलेलं वाक्य म्हणून मार्क घेतले.

इथे मामा नाहीत. कम्युनिटी कॉलेजची कल्पना अमेरिकेत जुनी आहे. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ सालचं. प्रवेश सहसा सगळ्यांना खुला, फी युनिव्हर्सिटीच्या मानानं कमी, आणि बहुतेक पोरं घरून ये-जा करणारी. आपल्या भागात सॅन जॅसिंटो, बेटाउनचं ली कॉलेज, लोन स्टार, ह्यूस्टन कम्युनिटी कॉलेज, सगळीकडे वेल्डिंग शिकवतात, कारण शिप चॅनलच्या काठानं रिफायनऱ्या आणि केमिकल प्लांट उभे आहेत आणि त्यांचे पाइप जोडणारे हात तिथूनच यावे लागतात. टेक्सासमध्ये बऱ्याच ठिकाणी हायस्कूलची मुलंसुद्धा ड्युअल क्रेडिटमधून हा विषय घेतात.

वर्ग म्हणजे बूथ. तीन बाजूंनी पत्रा, पुढे पडदा, एक टेबल, वर धूर ओढणारी नळी. इन्स्ट्रक्टर एकदा करून दाखवतो आणि निघून जातो. मग पोर आणि लोखंड. पहिले काही आठवडे नुसत्या रेघा ओढायच्या, एकाला लागून एक. ते जमलं की खरी प्लेट येते. ३/८ इंच जाडीचे दोन तुकडे, कडा तिरक्या घासलेल्या, मध्ये साधारण १/८ इंचाची फट. तळाचा पहिला थर ६०१० रॉडनं. रॉड किंचित पुढे झटकायचा, मागे आणायचा, क्षणभर थांबायचं. हे करताना वितळलेल्या लोखंडाच्या तोंडाशी एक बारीक भोक राखायचं असतं. ते मोठं झालं की लोखंड गळून खाली पडतं. मिटलं तर तळ जुळतच नाही, आणि वरून मात्र सगळं झकास दिसतं. वरचे थर ७०१८ नं भरायचे. हा रॉड ओल धरतो, म्हणून डबा उघडला की तो तापत्या ओव्हनमध्ये ठेवावा लागतो. आर्कची लांबी बरोबर असली की कढईत भजी पडल्यासारखा एकसुरी तडतडाट येतो. चुकली की आवाज फाटतो, आणि जुना इन्स्ट्रक्टर बूथच्या बाहेरून, पाठमोरा असतानाच ओरडतो. वर जमलेली खपली हातोडीनं काढायची, ब्रश मारायचा, पुढचा थर. थरांमध्ये खपलीचा कण राहिला तर तो तिथेच पुरला जातो.

तो राहिला आहे की नाही हे कसं कळतं? जोडलेल्या प्लेटच्या पट्ट्या कापतात, घासून सपाट करतात आणि प्रेसमध्ये घालून इंग्रजी ‘यू’सारख्या वाकवतात. एक तळ बाहेर ठेवून, एक वरची बाजू बाहेर ठेवून. वाकलेल्या भागात १/८ इंचापेक्षा मोठी चीर उघडली तर नापास. साधारण तीन मिलिमीटर. इथे कर्व्ह नाही, ग्रेस मार्क नाहीत, ‘पद्धत बरोबर होती’ म्हणून अर्धे गुण नाहीत, आणि आईनं काउन्सेलरला ईमेल पाठवून काही होत नाही. आपल्या मुलांनी एवढ्या टेस्ट दिल्या, पण जिच्या निकालावर वाद घालता येत नाही अशी एक तरी? मला वाटतं, कॉम्प्युटर सोडून आलेल्या कित्येकांना नेमकं हेच धरून ठेवतं. त्या बाबांचा मुलगा मला म्हणाला, पट्टी फुटली की का फुटली ते त्या फटीत डोळ्यांना दिसतं, आणि मग पुन्हा करावंसं वाटतं. आधीच्या कॉलेजात नापास झालो तेव्हा काय चुकलं हेच कळत नव्हतं. बाबांनी हे त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, कारण घरात विषय निघाला की ‘पुढे काय?’ याच्या पलीकडे जातच नव्हता.

तर ‘पुढे काय?’ पाहू. सपाट प्लेट वन जी, आडवी रेघ टू जी, उभी थ्री जी, डोक्यावर फोर जी. त्यानंतर पाइप. सिक्स जी म्हणजे ४५ अंशांत घट्ट बांधलेला पाइप. तो फिरत नाही, वेल्डरच त्याच्याभोवती फिरतो. ज्याचा पाइप त्या परीक्षेत पास होतो, त्याला प्लांटमध्ये पाइपची कामं मिळतात. पगाराचं खरं सांगते. सरकारी आकडेवारीनुसार २०२३ मध्ये अमेरिकेतल्या वेल्डरची मध्यम कमाई वर्षाला ४९ हजार डॉलरच्या आसपास होती. सॉफ्टवेअरच्या ऑफर लेटरशेजारी हा आकडा ठेवू नका, उगाच जीव जाळून घ्याल. चांगला पाइप वेल्डर याच्या बराच वर जातो, पण ओव्हरटाइमवर. प्लांट दुरुस्तीसाठी बंद ठेवतात त्या शटडाउनला बारा-बारा तासांची पाळी, आठवडेच्या आठवडे घराबाहेर, आणि तेलाचे भाव पडले की घरी. दुसऱ्या पारड्यात हे टाका की मुलावर शिक्षणाच्या कर्जाचा डोंगर नसतो, आणि कमाई लवकर सुरू होते.

दारं बंद होतात, ही भीतीही बरीचशी पोकळ आहे. सर्टिफिकेटच्या पुढे दोन वर्षांची असोसिएट पदवी आहे. अनुभव जमला की अमेरिकन वेल्डिंग सोसायटीची इन्स्पेक्टरची परीक्षा देता येते. माझ्यासोबत काम करणारे कितीतरी इन्स्पेक्टर बूथमधूनच आलेत, आणि वेल्ड नुसता बघून त्यांना जे कळतं ते मला एक्स-रेची फिल्म बघून कळतं. वेल्डिंग इंजिनिअरिंगची पूर्ण पदवीही असते. ओहायो स्टेटला आहे, इथे टेक्सासमध्ये लाँगव्ह्यूच्या लेटर्नो युनिव्हर्सिटीला आहे. मात्र सर्टिफिकेटचे सगळे क्रेडिट पुढे चालतीलच असं धरून बसू नका. प्रवेशाआधी विचारा आणि लेखी घ्या.

काळजी करायचीच असेल तर धुराची करा. आई-बाबा म्हणून ती आपली हक्काची जागा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसात कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. स्टेनलेस स्टीलच्या धुरात क्रोमियमचा घातक प्रकार असतो, आणि जस्ताचा मुलामा असलेलं लोखंड तसंच जाळलं तर रात्री थंडी वाजून ताप भरतो. तेव्हा बूथमधली ती ओढणारी नळी चालू असते का, मुलगा ती आर्कजवळ ओढून घेतो का, स्टेनलेसला रेस्पिरेटर मिळतो का, हे विचारा. चेहरा झाकणारं हूड खाली घ्यायच्या आधी आर्क डोळ्यांवर आला तर त्या वेळी काही वाटत नाही. काही तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. मग पोरगं तुम्हालाच हाक मारणार आहे. डोळे चोळू देऊ नका, डॉक्टरकडे न्या, आणि ‘मी सांगितलं होतं’ हे वाक्य त्या रात्रीपुरतं गिळा.

कॉलेज निवडताना वेबसाइटवरच्या हसऱ्या फोटोंपेक्षा हे विचारा: आठवड्याला प्रत्यक्ष हूडखाली किती तास? रॉड आणि प्लेटा फीमध्येच की वेगळे पैसे? पट्ट्या तिथेच वाकवून दाखवतात का? शिकवणारा स्वतः प्लांटमध्ये किती वर्षं होता? मुलगी असेल तर आणखी एक: तिच्या मापाचं लेदर जॅकेट आणि हातमोजे आहेत का. ढगळ हातमोज्यात रॉड नीट धरता येत नाही, आणि या धंद्यात बायका अजून इतक्या कमी आहेत की स्टोअरमध्ये बरेचदा पुरुषांचीच मापं असतात.

एक शेवटची गोष्ट, जी मला जास्त खुपते. भारतात व्हिडिओ कॉलवर ‘काय करतो नातू?’ विचारलं की आपण ‘मेकॅनिकलचा एक कोर्स करतोय’ म्हणून विषय बदलतो. पोर शेजारच्या खोलीत असतं. त्याला आपलं मराठी चांगलं कळतं, एवढे रविवार मराठी शाळेत नेलंय आपणच. आजी-आजोबांना सरळ सांगून बघा. एका आजीनं ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारला की आपल्या अंगणाचं फाटक दोन वर्षं लटकतंय, ते करेल का हा? विषय संपला.

आणि वर्ग चालू असताना एकदा जाऊन या, कॉलेजची परवानगी काढून. बंद चामडी बूट, सुती फुल पँट, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. ओढणी आणि नायलॉनचं काहीही घरी ठेवा, ठिणगीनं ते वितळून अंगाला चिकटतं. हूड ते देतील. आर्क चालू असताना फोन वर करू नका, त्या उजेडानं कॅमेरा कामातून जाऊ शकतो. मंडळाच्या ग्रुपवर टाकायला फोटो हवाच असेल, तर खपली काढून ब्रश मारून झाल्यावर वेल्डचा काढा, आणि खाली पोराचं नाव लिहा.