नावात पू, प्रत्यक्षात रक्तवाहिन्या

प्रश्न : विळीने कापलेल्या जागी आईच्या बोटावर लाल गाठ आली. जरा धक्का लागला की रक्त थांबत नसे. काढून तपासायला दिली. रिपोर्टमध्ये ‘पायोजेनिक ग्रॅन्युलोमा (लोब्युलर कॅपिलरी हिमँजिओमा)’ आणि ‘मायटोसिस दिसतात’ असं आहे. पू तर कधीच नव्हता. हा कॅन्सर आहे का?
– एक वाचक, फ्रीगंज, उज्जैन

उत्तर : नाही, हा कॅन्सर नाही. घोळ नावाचा आहे. ‘पायोजेनिक’ म्हणजे पू करणारा. पण या गाठीत ना पू, ना खरा ग्रॅन्युलोमा. हे नाव १९०४ पासून चिकटलंय, सुटत नाही. कंसातलं नाव खरं.

सूक्ष्मदर्शकाखाली ही गाठ द्राक्षाच्या घडांसारखी दिसते : केशवाहिन्यांचे वेगवेगळे गुच्छ, मध्ये सैल, पाणावलेली ऊती आणि बुडाशी त्वचेची आत वळलेली कॉलर. वरचा पापुद्रा बहुधा झिजलेला असतो, म्हणून तर इतकं रक्त. मायटोसिस म्हणजे पेशींचं विभाजन. गाठ झपाट्याने वाढते, तेव्हा ते दिसणारच. पेशी बेढब असत्या, वाहिन्या गुच्छ सोडून वेड्यावाकड्या पसरल्या असत्या, तर गोष्ट वेगळी होती.

तपासायला दिलीत हे उत्तम केलंत; रंगहीन मेलॅनोमा हा त्वचेचा कॅन्सर कधीकधी हुबेहूब असाच दिसतो. बूड राहिलं तर गाठ परत येऊ शकते. मग डॉक्टर ती खरवडून बूड जाळतात किंवा मुळासकट कापून टाके घालतात. दोरा बांधणं, चुना लावणं नको. रक्त आलंच तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटं सलग दाबून धरा, मध्येच उघडून बघू नका.