शिलालेखातील वंशावळ आणि कोतवालाची नोंदवही

जबलपूरजवळ नर्मदाकाठी वसलेले भेडाघाट हे संगमरवरी कड्यांमुळे आणि चौसष्ट योगिनींच्या मंदिरामुळे सर्वपरिचित आहे. वंशेतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ते राणी अल्हणदेवीच्या संस्कृत शिलालेखामुळे महत्त्वाचे वाटते. कलचुरी संवत् ९०७, म्हणजे इ. स. ११५५ मधील या लेखात राणीने बांधविलेल्या शिवमंदिराची, मठाची व व्याख्यानशाळेची नोंद आहे. त्याचबरोबर पती गयाकर्णाचे कलचुरी कुळ आणि राणीचे स्वतःचे गुहिल कुळ, अशा दोन्ही पक्षांच्या पिढ्या शशिधर कवीने श्लोकांत गोवल्या आहेत. राणीची माता माळव्याच्या उदयादित्य परमाराची कन्या होती, हेही त्यावरून कळते.

ही शिळा एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गेली. तथापि हॉल व कीलहॉर्न यांनी तिचा पाठ प्रसिद्ध केला आणि नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कलचुरी लेखांच्या आपल्या १९५५ च्या संग्रहात तो भाषांतरासह व विवेचनासह दिला. शिळा दुरावली, पण संपादनामुळे लेख कोणाही जिज्ञासूला उपलब्ध राहिला.

सामान्य कुटुंबांच्या वंशावळीचे नेमके उलट झाले आहे. १८६१ साली स्थापन झालेल्या मध्यप्रांतात गावचा कोतवाल जन्ममृत्यूची खबर ठाण्यावर पोचवीत असे. त्या नोंदींना विदर्भात ‘कोतवाल बुक’ आणि जबलपूरकडे ‘कोतवार पंजी’ असे म्हणतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत महाकोशल मध्य प्रदेशात राहिला आणि विदर्भ मुंबई राज्यात गेला. त्यामुळे विदर्भातून जबलपुरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला आपल्या पूर्वजांचा शोध दोन राज्यांच्या दप्तरांतून घ्यावा लागतो.

कायद्याने हा मार्ग बंद केलेला नाही. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी अधिनियमाच्या १७ व्या कलमान्वये कोणासही नोंदींचा शोध करवून जन्म वा मृत्यूचे प्रमाणपत्र मागता येते. मृत्यूचे कारण तेवढे प्रमाणपत्रात उघड करता येत नाही. परंतु गाव व वर्ष ठाऊक नसेल, तर नेमके पान कसे सापडावे? शिवाय बाळाचे बारसे होण्यापूर्वीच खबर दिली जात असल्याने जुन्या जन्मनोंदीत पुष्कळदा ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते आणि ओळख पटविण्यास पित्याच्या नावाचाच आधार उरतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने राष्ट्रीय माहितीसाठ्याची तरतूद केली, पण जुन्या हस्तलिखित वह्यांचे वाचन त्यामुळे आपोआप होत नाही.

या वाचनाचे मोल महाराष्ट्रात २०२३ साली प्रकर्षाने दिसून आले. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामात कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरे तपासली गेली, मोडी जाणणाऱ्यांचा शोध सुरू झाला आणि अनेक जिल्ह्यांनी कागदपत्रांच्या प्रतिमा संकेतस्थळांवर ठेवल्या. ज्याचा पूर्वज नोंदीत सापडला त्याला दाखल्याची वाट मोकळी झाली. ज्याची वही जीर्ण झाली वा वाचता आली नाही, तो रिकाम्या हाती राहिला. मोडीतील पानाची प्रतिमा ही प्रवेशाची पहिली पायरी होय. लिप्यंतर, नावांची सूची आणि गावांच्या बदललेल्या नावांची तालिका यांवाचून ती पाने सामान्य वाचकाला मुकीच राहतात.

येथे एक मर्यादाही पाळणे अगत्याचे आहे. या वह्यांत जात लिहिलेली असते, मृत्यूचे कारण असते, आणि अशा तपशिलांनी हयात वंशजांना इजा पोचू शकते. स्कॉटलंडमध्ये जन्माच्या १००, विवाहाच्या ७५ आणि मृत्यूच्या ५० वर्षांनंतरच नोंदीची प्रतिमा संकेतस्थळावर खुली होते. असा कालसंकेत आपल्याकडेही ठरविता येईल. त्यापूर्वीची नोंद नात्याचा पुरावा देणाऱ्यालाच मिळावी.

पाठसंपादन ही भाषाविभागांची जुनी विद्या आहे. मोडी शिकलेल्या विद्यार्थ्यांनी एकेका तालुक्याची कोतवाल बुके पाठचिकित्सेच्या शिस्तीने संपादित केली, तर राणीच्या पूर्वजांना लाभलेली वाचनीयता शेतकऱ्याच्या व मजुराच्या पूर्वजांनाही लाभेल. कागद दगडाइतका टिकत नाही; म्हणून हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही.