अलाइनमेंटनंतरही एका बाजूस ओढणारी मोटार

मोटारीच्या चाकांचे संरेखन, म्हणजेच गॅरेजच्या भाषेतील अलाइनमेंट, नुकतेच करून घेतलेले असते. यंत्राच्या पडद्यावरील सर्व आकडे हिरव्या रंगात आलेले असतात आणि त्यांचा छापील कागदही मालकाच्या हाती असतो. तरीही सरळ रस्त्यावर स्टिअरिंगवरील पकड किंचित सैल होताच गाडी एका बाजूस जाऊ लागते. अशा वेळी मालक बहुधा त्याच गॅरेजात परत जातो. तेथे पुन्हा अलाइनमेंट होते, पुन्हा पैसे दिले जातात आणि ओढ मात्र कायम राहते. याचे कारण पुष्कळदा साधे असते. अलाइनमेंटनंतरही शिल्लक राहिलेली ओढ सहसा अलाइनमेंटने जाण्यासारखी नसतेच. तिचे मूळ टायरमध्ये, ब्रेकमध्ये, झिजलेल्या रबरी बुशमध्ये किंवा कधी कधी खुद्द रस्त्यातच असते. ते शोधून काढणे हा केवळ पैशांचा प्रश्न नव्हे. आतून सुटत चाललेला टायर आणि चाकाला धरून बसलेला ब्रेक, या दोन्ही धोक्यांची पहिली खूण कित्येकदा अशी किरकोळ वाटणारी ओढच असते.

प्रथम तक्रार नेमकी कोणती आहे हे ठरवले पाहिजे. गाडी सरळ जाते, पण त्या वेळी स्टिअरिंगचे चाक वाकडे दिसते, ही ओढ नव्हे. दोन्ही टाय रॉडची लांबी जुळवताना स्टिअरिंग मध्यावर नीट रोखून धरले नव्हते, किंवा मागच्या चाकांची दिशा गाडीच्या मध्यरेषेशी जुळत नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो. स्टिअरिंग हाताला थरथरत असेल तर तो चाकांच्या बॅलन्सिंगचा विषय आहे. केवळ ब्रेक दाबल्यावर गाडी बाजूला जात असेल तर ब्रेक तपासावेत. केवळ जोरात वेग घेताना जात असेल, तर पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या गाड्यांतील असमान लांबीचे ड्राइव्ह शाफ्ट किंवा सैल झालेले बुश यांच्याकडे पाहावे. एकसारख्या वेगाने, ब्रेक वा ॲक्सिलरेटरवर जोर नसताना, जी गाडी सातत्याने एकाच बाजूस जाते तिलाच खऱ्या अर्थाने ओढ आहे असे म्हणावे.

आता अलाइनमेंट म्हणजे काय हे थोडक्यात पाहू. त्यात मुख्यतः तीन कोन मोजले जातात. गाडीकडे समोरून पाहिले असता चाकाचा माथा आत वा बाहेर जितका कललेला दिसतो त्या कलास कँबर म्हणतात. टेबलावर घरंगळत सोडलेले नाणे ज्या बाजूस कलते त्याच बाजूस वळते. चाकाचेही तसेच आहे. म्हणून ज्या बाजूच्या चाकाचा माथा दुसऱ्याच्या तुलनेने अधिक बाहेर कललेला असेल त्या बाजूस गाडी ओढते. दुसरा कोन कॅस्टर. चाक ज्या आसाभोवती वळते तो आस बाजूने पाहिल्यास वरच्या टोकाशी मागे झुकलेला असतो. सायकलचा फोर्क असाच तिरपा असतो, आणि हात सोडूनही सायकल सरळ चालवता येते ती काही अंशी या रचनेमुळे. दोन्ही बाजूंच्या कॅस्टरमध्ये फरक पडला तर ज्या बाजूचा कॅस्टर कमी त्या बाजूस गाडी जाते. तिसरा कोन टो, म्हणजे वरून पाहिल्यास दोन्ही चाके पुढच्या टोकांशी एकमेकांकडे किती वळलेली आहेत किंवा एकमेकांपासून किती फाकलेली आहेत, ते.

या तिहींपैकी टो हाच ओढीचा कर्ता असावा असा सार्वत्रिक समज आहे आणि तो चुकीचा आहे. पुढची दोन्ही चाके स्टिअरिंगच्या एकाच दांड्याला जोडलेली असतात. त्यामुळे टोमध्ये कितीही चूक असली तरी गाडी चालू लागताच ती चूक दोन्ही चाके आपसांत सारखी वाटून घेतात. टायर मात्र झपाट्याने झिजतात, स्टिअरिंग वाकडे होते आणि गाडी अस्थिर वाटू लागते. एका बाजूची सततची ओढ सहसा टोमुळे निर्माण होत नाही.

या गोष्टीला आपल्याकडे विशेष महत्त्व आहे. मारुती ८०० ही मोटार १९८३ मध्ये आली आणि २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिच्यापासून भारतात रूढ झालेल्या बहुतेक लहान गाड्यांत पुढे मॅकफर्सन पद्धतीचे सस्पेन्शन असते. अशा गाड्यांत कँबर आणि कॅस्टर कारखान्यातच ठरून येतात आणि ते फिरवण्यासाठी स्क्रूची सोय बहुधा ठेवलेली नसते. मागचा आसही पुष्कळदा अखंड असतो. तेव्हा गॅरेजात जे अलाइनमेंट होते ते प्रत्यक्षात पुढच्या चाकांच्या टोपुरतेच असते. जो कोन सहसा ओढ निर्माण करत नाही तोच सुधारून ओढ जावी अशी अपेक्षा आपण करत असतो.

छापील कागद मात्र टाकून देऊ नये. तो कसा वाचावा हे कळले तर पुष्कळ उलगडा होतो. समजा, कँबरची मान्य मर्यादा शून्याच्या दोन्ही बाजूंस ४५ मिनिटे आहे. (एका अंशात ६० मिनिटे असतात.) डाव्या चाकाचा कँबर उणे ३० मिनिटे आणि उजव्याचा अधिक ३० मिनिटे निघाला, तर दोन्ही आकडे मर्यादेत म्हणून हिरवे दिसतील. तथापि दोहोंमधील अंतर एक पूर्ण अंश आहे, आणि अशी गाडी उजवीकडे ओढणार. म्हणून रंगाकडे न पाहता डाव्या-उजव्यातील फरकाकडे पाहावे. तो अर्ध्या अंशाहून अधिक असेल तर त्याची दखल घ्यावी. आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. यंत्राचे पकडचिमटे रिमवर बसवल्यानंतर रिमच्या वाकडेपणाची भरपाई करण्यासाठी गाडी थोडी पुढेमागे ढकलतात किंवा चाक उचलून फिरवतात. ही पायरी घाईत गाळली असेल तर पुढचे सर्वच आकडे संशयास्पद ठरतात.

यानंतर रस्त्याकडे वळू. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मध्यभागी उंच आणि कडांना उतरता बांधतात. (स्थापत्य अभियंते या आडव्या उतारालाही कँबरच म्हणतात, त्यामुळे गोंधळ होऊ नये.) आपल्याकडे डांबराच्या चांगल्या रस्त्यांसाठी हा उतार साधारणतः १.७ ते २.० टक्के, तर डांबराचा पातळ थर असलेल्या रस्त्यांसाठी २.० ते २.५ टक्के ठेवण्याचा प्रघात आहे. पाऊस जास्त तेथे मोठा आकडा घेतात, कमी तेथे लहान. म्हणजे साडेतीन मीटर रुंदीच्या एका मार्गिकेत दोन टक्क्यांनी सात सेंटिमीटरचा उतार झाला. कोकणातल्या किंवा मेघालयातल्या रस्त्यावर राजस्थानातील रस्त्यापेक्षा गाडी अधिक बाजूस जाते असे वाटले तर त्यात नवल नाही. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने जातो, म्हणून निर्दोष गाडीही हळूहळू डावीकडे उतरते. हा दोष नव्हे. अमेरिकन पुस्तकांत मात्र याच्या उलट, उजवीकडे जाणाऱ्या गाडीचे वर्णन आढळते. ती पुस्तके वाचताना डावे-उजवे बदलून घ्यावे लागते.

यास्तव परीक्षा एकाच रस्त्यावर करून भागत नाही. शक्य तितका सपाट, रिकामा आणि रुंद रस्ता निवडावा, वारा नसेल अशी वेळ साधावी आणि मध्यम वेगाने त्याच रस्त्यावर जाताना व येताना गाडी कशी वागते ते पाहावे. हात स्टिअरिंगपासून पूर्णपणे दूर नेऊ नयेत. बोटांचा स्पर्श कायम ठेवून पकड सैल करणे पुरेसे आहे. गाडी सावकाश डावीकडे सरकत असेल तर रस्त्यावर संशय घ्यावा. उजवीकडे, म्हणजे चढावर, जात असेल किंवा स्टिअरिंग स्वतःहून फिरत असेल, तर दोष गाडीत आहे.

गाडीत शोध घेताना पहिला हात टायरच्या हवेला लावावा. दाब थंड टायरमध्ये मोजावा. लांबून चालवत आणलेल्या गाडीच्या तापलेल्या टायरमध्ये तो वाढलेला असतो. एका बाजूस पाच पौंड हवा कमी असली तरी गाडी त्या बाजूस जाऊ लागते. समोरच्या दोन टायरांपैकी एक नवा व एक झिजलेला, किंवा दोन वेगवेगळ्या बनावटींचे, असेही आढळते. एकाच आसावर अशी जोडी ठेवणे बरे नव्हे.

यापुढची परीक्षा मला सर्वांत मोलाची वाटते, आणि तिला खर्च जवळपास नाही. पुढची दोन चाके आपसांत बदलावीत, डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे. नंतर त्याच रस्त्यावर गाडी पुन्हा चालवावी. ओढीची दिशा उलटली तर दोष निश्चितपणे टायरचा आहे, आणि अलाइनमेंटवर आणखी एक रुपयाही खर्चू नये. असे का घडते, ते समजण्यासाठी टायरच्या आत डोकावावे लागेल. मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये रेडियल टायरचे पेटंट घेतले आणि अल्पावधीतच तो बाजारात आणला. या टायरमध्ये धावपट्टीखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. हे पट्टे बसवताना किंचित एका बाजूला सरकले तर टायरची एक कड दुसरीपेक्षा अधिक ताठ होते, आणि टायर दिसायला गोल असूनही जमिनीवर शंकूसारखा वागतो. आइस्क्रीमचा कोन जमिनीवर घरंगळत सोडला तर तो टोकाच्या बाजूस वळत जातो, तसेच हे आहे. चाक दुसऱ्या बाजूला लावले की शंकूचे टोकही उलट दिशेला जाते आणि ओढ उलटते. ज्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो तो या अदलाबदलीत उलटा फिरेल. म्हणून परीक्षा होताच तो परत मूळ जागी लावावा.

कित्येकांची तक्रार अशी असते की ओढ पूर्वी नव्हती, ती अलाइनमेंट केल्यानंतरच सुरू झाली. त्यांनी त्या दिवशी आणखी काय काय झाले ते आठवून पाहावे. अलाइनमेंटबरोबर बहुधा टायर पुढचे मागे व मागचे पुढे करतात. शंकूसारखा टायर मागे असताना फारसा जाणवत नाही, कारण मागची चाके स्टिअरिंगला जोडलेली नसतात. तोच पुढे येताच गाडी ओढू लागते, आणि दोष मात्र अलाइनमेंटच्या माथी येतो. चाके पूर्वीच्या जागी लावून पाहिली की खरे-खोटे कळते.

टायर उतरवलेलाच असेल तर धावपट्टीवरून आणि दोन्ही कडांवरून तळहात फिरवावा. कोठे फुगा आला असेल, किंवा धावपट्टी एका जागी उंचावलेली लागली, तर आतील थर सुटू लागले आहेत असे समजावे. तो टायर मागे लावून किंवा स्टेपनी म्हणूनही ठेवू नये. महामार्गावरील उन्हात आणि वेगात असा टायर फुटण्याचा संभव असतो.

चाके बदलूनही दिशा तीच राहिली तर ब्रेककडे जावे. आठ-दहा किलोमीटर, शक्यतो ब्रेक न वापरता, गाडी चालवून थांबावे आणि चारही चाकांजवळ हात नेऊन उष्णता पाहावी. ब्रेकच्या चकतीला स्पर्श करू नये, हात भाजेल. एक चाक इतरांहून स्पष्टपणे तापलेले असेल तर तेथील ब्रेक सुटत नाही. कॅलिपरचा पिस्टन किंवा सरकत्या पिना गंजून अडकल्या असतील. जुन्या गाड्यांत एक फसवे कारण आढळते. ब्रेकची रबरी नळी आतून फुगते. दाबाखाली तेल पुढे जाते, परंतु परत येताना अडते. बाहेरून ती नळी अगदी धडधाकट दिसते. चाके जॅकवर उचलून हाताने फिरवली असता हे ध्यानात येते. मात्र केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये, भक्कम स्टँड लावावेत.

काही गाड्या कधी डावीकडे तर कधी उजवीकडे ओढतात. उजवे वळण घेतले की नंतर उजवीकडे, डावे घेतले की डावीकडे. येथे स्टिअरिंग मध्यावर परतत नसते. स्ट्रटच्या माथ्याचे बेअरिंग किंवा बॉल जॉइंट आखडलेला असतो. गाडी उचललेल्या स्थितीत, चाके लोंबत असताना, खालच्या आर्मचे बुश घट्ट आवळले तरी रबराला कायमचा पीळ बसतो. ते बोल्ट गाडी जमिनीवर उभी असताना आवळायचे असतात. विद्युत स्टिअरिंगच्या गाड्यांत मध्यबिंदूची नोंद संगणकात ठेवलेली असते. अलाइनमेंटच्या वेळी स्टिअरिंग हलवले गेले असेल तर त्या गाडीच्या नियमानुसार ही नोंद नव्याने करून घ्यावी लागते.

आता उरतात त्या खड्ड्यात जोरात आदळलेल्या किंवा अपघातातून दुरुस्त झालेल्या गाड्या. येथे यंत्राचा खरा उपयोग होतो. चाक ज्या आसाभोवती वळते तो समोरून पाहिल्यास आत झुकलेला असतो. हा झुकाव आणि कँबर यांची बेरीज दोन्ही बाजूंस जवळपास सारखी यावयास हवी. एका बाजूचा कँबर बिघडला आहे आणि बेरीजही बिघडली आहे, असे दिसले तर स्ट्रट किंवा चाकाचा नकल वाकला आहे, तो बदलावा लागेल. याउलट एका बाजूचा कँबर वाढला, दुसऱ्या बाजूचा तितकाच घटला आणि बेरीज मात्र दोन्हीकडे शाबूत राहिली, तर एकही भाग वाकलेला नाही. इंजिनाखालची आडवी चौकट एका बाजूस सरकली आहे. तिचे बोल्ट सैल करून ती मूळ जागी बसवावी, पुन्हा आवळावी आणि मगच टो लावून घ्यावा.