माहितीपत्रकावरचा 'ए प्लस'

चि. मुक्ता,


तू पाठवलेले माहितीपत्रकाचे फोटो पाहिले. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत 'नॅक ए प्लस' आहे आणि तेवढ्यावरून हे कॉलेज ऑप्शन फॉर्ममध्ये सगळ्यात वर टाकायचं, असं तुझं नि दादाचं ठरलेलं दिसतं. टाक, पण आधी माझं ऐक. नोकरीतली शेवटची सहा वर्षं मी आमच्या कॉलेजात नॅकचंच काम सांभाळलं आहे.

आपल्याकडे 'मान्यता' हा एकच शब्द तीन गोष्टींना वापरतात, घोळ तिथेच होतो. एआयसीटीईची मान्यता म्हणजे इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम चालवायची परवानगी. विद्यापीठाची संलग्नता म्हणजे पदवी कोण देणार, ते. या दोन्ही नसतील तर त्या कॉलेजची पायरीही चढू नकोस. नॅकचं मूल्यांकन ही तिसरी गोष्ट: कॉलेज कसं चाललंय याची तपासणी. यूजीसीने 1994 मध्ये ही संस्था बंगळुरूला स्थापन केली. माझ्या वेळी कॉलेज सात निकषांवर स्वतःच स्वतःचा अहवाल लिहायचं, त्यातले आकडे पुराव्यांशी ताडले जायचे, विद्यार्थ्यांना प्रश्नावली जायची आणि मग बाहेरच्या प्राध्यापकांची समिती यायची. 4 पैकी 3.26 ते 3.50 गुण मिळाले की ए प्लस मिळायचा. ती श्रेणी साधारणपणे पाच वर्षांपुरती असते, म्हणून तुझ्या माहितीपत्रकावरची श्रेणी कोणत्या वर्षीची, ते आधी बघ.

आमच्याकडे समिती आली तेव्हा भिंतींना रंग दिला होता, फाईलींना नवी कव्हरं घातली होती. एक वयस्कर बाई सरळ ग्रंथालयात गेल्या आणि त्यांनी देवघेवीची नोंदवही मागितली. पानंच्या पानं जवळजवळ कोरी. अहवालात मी पुस्तकांची संख्या लिहिली होती, ती खरीच होती. पण ग्रंथालय अकरा ते पाच उघडं आणि मुलांचे तासही त्याच वेळात. साडेपाचच्या एसटीने सगळी गावाला जायची. वाचणार कधी? हे मला इतकी वर्षं दिसलं नव्हतं. पुढच्या वर्षी आम्ही ग्रंथालय सकाळी आठला उघडू लागलो, वही भरू लागली. आमची श्रेणी बेताचीच आली, पण समितीच्या भेटीच्या त्या दोन दिवसांनी कॉलेजचं जे भलं केलं ते श्रेणीत कुठेच दिसत नाही.

म्हणून अक्षरापेक्षा अहवाल वाच. कॉलेजच्या वेबसाइटवर स्वयंमूल्यमापन अहवाल असतो आणि बहुतेक ठिकाणी समितीचाही. समितीच्या अहवालाच्या शेवटी शिफारशी असतात. त्यांपैकी किती अमलात आल्या, ते तिथल्या मुलांना विचार.

आणखी एक. नॅक अख्ख्या कॉलेजला जोखतं, तुझ्या शाखेला नाही. शाखेसाठी एनबीएचं वेगळं मूल्यांकन आहे. इंजिनिअरिंगच्या पदव्यांना देशादेशांत मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत 2014 मध्ये कायम सदस्य झाला, त्यामुळे एनबीएच्या पहिल्या स्तरातल्या शाखांच्या पदवीला परदेशातही किंमत आहे. पण मेकॅनिकलला एनबीए असलं म्हणून कॉम्प्युटरला असतंच असं नाही. तुला हवी असलेली एआयची शाखा नवी असेल तर तिला ते मिळणंच शक्य नाही, कारण आधी दोन तुकड्या पदवी घेऊन बाहेर पडाव्या लागतात. तो दोष मानू नकोस. मात्र तिथे शिकवणारे कायम आहेत की तासिका तत्त्वावरचे, हे नक्की विचार.

हे सगळं स्वतः बघ म्हणते, त्याला कारण आहे. 2025 च्या फेब्रुवारीत चांगल्या श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या तपासणी समितीतल्याच लोकांना अटक केली. वर्षानुवर्षं प्रामाणिकपणे फाईली लावणाऱ्या आमच्यासारख्यांना ती बातमी फार लागली. तरी संपूर्ण व्यवस्थाच खोटी, असं मी म्हणणार नाही. त्या ग्रंथालयातल्या बाईही याच व्यवस्थेतून आल्या होत्या.

फॉर्म भरायच्या आधी एकदा कॉलेजात जाऊन ये. दादाला म्हणावं, सुट्टीच्या दिवशी नको, तास चालू असताना जा. ग्रंथालयात अर्धा तास बस आणि काय दिसलं ते मला रात्री फोन करून सांग.

तुझी,
आत्या